सौम्यतेचा सराव

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या पतीचा, रेव्हरंड टिळकांचा तापटपणा झाकलेला नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या भक्तकवीचाही पिंड तापट असेल, तर सौम्यता उपजत नव्हे, सरावाने येते असं मानणंच रास्त. बायबलमध्ये प्रेषित पौल तिला आत्म्याच्या फळांत गणतो, आणि फळ धरायला काळ लागतो.

पण कळव्याच्या फलाटावर रोज धक्के खाणाऱ्याला आणखी नमायला सांगणं अन्याय नाही का? असता, सौम्यता म्हणजे भित्रेपणा असता तर. महायाजकासमोर थोबाडीत बसल्यावर येशूने हात उगारला नाही, पण मारणाऱ्याला त्याचं कारण विचारलं. मंदिरात सराफांचे चौरंग उलथणाराही तोच. तिथला संताप मात्र देवाच्या घराचा बाजार झाला म्हणून होता, स्वतःच्या गालासाठी नव्हता.