दोरीचं दुसरं टोक

मागच्या डिसेंबरात आम्ही तिघं मित्र एका छोट्या शिडाच्या बोटीतून मुंबईहून मांडव्याला निघालो होतो. मांडवा दिसायला लागला आणि वारा पडला. इंजिन सुरू होईना. पाण्याची ओढ आम्हाला खडकांकडे नेऊ लागली. मी पुढे धावलो आणि नांगर टाकला. दोरी सरसर सुटली आणि डोळ्यांदेखत तिचं शेवटचं टोकही पाण्यात गेलं. ते बोटीला बांधायचंच राहिलं होतं.

जवळच एक मासेमारीची बोट होती. तिच्या तांडेलने जाळं अर्ध्यातच वर घेतलं, आम्हाला दोर फेकला आणि जेट्टीपर्यंत ओढत आणलं. पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "पोरांनो, दोरीचं दुसरं टोक कशाला बांधलं होतं?"

तेव्हा मला वाटलं, ते नांगराबद्दल बोलतायत. आता वाटतं, प्रश्न त्याहून मोठा आहे.

"जीव माझा, धोकाही माझाच," असं आपण सहज म्हणतो. खोल समुद्रात हे वाक्य टिकत नाही. संकटात बीकनचं बटण दाबलं की 406 मेगाहर्ट्झवरचा संदेश उपग्रहामार्फत बचाव केंद्राकडे जातो आणि आसपासच्या जहाजांना हाक जाते. स्वतःच्या जहाजाला गंभीर धोका नसेल, तर कप्तानाने मदतीला जायचं, असा सागरी कायदा आहे. चूक कुणाची होती, हे तिथे आधी विचारत नाहीत.

2018च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हेच घडलं. एकट्याने, कुठेही न थांबता, 1968 सालच्या साधनांनिशी पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. जीपीएस नाही, दिशा शोधायला सेक्स्टंट. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'तुरिया'वर होते. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने बोट उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. पर्थ तिथून सुमारे 1900 सागरी मैल दूर. शेवटी फ्रान्सचं 'ओसिरिस' हे मासेमारीवर लक्ष ठेवणारं जहाज त्यांच्यापर्यंत पोचलं. शर्यतीतला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन याचीही डोलकाठी त्याच वादळात मोडली होती. तरी तात्पुरतं शीड उभारून तो अभिलाषच्या दिशेने निघाला होता.

मग अशा ठिकाणी जाणंच चूक का? मला तसं वाटत नाही. तसं असतं तर कोळ्यानेही किनारा सोडायला नको. मग निदान आपल्या हौसेसाठी गेल्यावर बटण तरी दाबू नये का? हे ऐकायला बाणेदार वाटतं, पण त्याला काही अर्थ नाही. तुम्ही गप्प राहिलात तरी माणसं शोधायला निघतातच, आणि कुठे शोधायचं हे माहीत नसल्याने जास्त भटकतात.

मला वाटतं, नीती बटण दाबण्याच्या क्षणी नसते, ती त्याच्या कितीतरी आधी असते. डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा बांधून स्वतःला त्यात अडकवणं. मोडलेल्या डोलकाठीने बोटीला भोक पाडू नये म्हणून तिच्या तारा तोडायची कात्री हाताशी ठेवणं. वादळात बोटीचा वेग आवरायला मागे सोडायचा दोर तयार ठेवणं. ही यादी आपल्याला आपल्या सुरक्षिततेची वाटते. खरं तर ती ज्याला आपण कधी भेटलेलो नाही, पण जो आपल्यासाठी निघेल, अशा माणसाचा विचार आहे. तुमच्या हातात होतं ते सगळं करून झालं असेल, तर बटण दाबण्यात लाज नाही. अभिलाष अंथरुणाला खिळले होते. त्यांनी हाक मारली, ते योग्यच केलं. पुढे ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि 2023च्या एप्रिलमध्ये दुसरे आले.

आमच्याकडे असं सांगायला काही नव्हतं. आमचं वादळ म्हणजे न बांधलेली एक गाठ. त्या तांडेलचं अर्धं जाळं रिकामं आलं, त्याची किंमत त्याने आम्हाला सांगितली नाही.

आता बोट सोडण्याआधी मी पुढे जाऊन नांगराची दोरी शेवटपर्यंत उलगडतो आणि गाठ ओढून बघतो. मित्र म्हणतात, कालच तर बघितलीस. तरी मी पुन्हा ओढून बघतो.