काल्यातली शिदोरी

संतसज्जनहो, गेल्या चैत्रात वेल्ह्याच्या बाजूस एका गावी हरिनाम सप्ताह होता. सहाव्या रात्री कीर्तन आटोपून मी वीणेकऱ्याशी बोलत बसलो असता एक तरुण गृहस्थ दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आला. पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, आशाताई तीनदा दारात येऊन गेल्या. पोराला गोवराची लस टोचून घ्या म्हणतात. मी नाही म्हटलं. थोरलीला एकदा टोचल्यावर दोन रात्री ताप होता, ते बघवलं नाही. आणि तुम्हीच मागच्या सप्ताहात बोलला होता ना, राखणारा समर्थ असता सुया कशाला टोचता म्हणून!"

मी मनात चरकलो. वाक्य माझेच होते. श्रोत्यांत हशा पिकावा म्हणून बोललो, हशा पिकला, मी विसरून गेलो. पण ते वाक्य या गृहस्थाच्या घरात जाऊन बसले. त्या रात्री मला धड उत्तर देता आले नाही. ते आज येथे मांडतो.

प्रथम त्याचा पूर्वपक्ष नीट ऐकू. हा मनुष्य मूर्ख नव्हे, आणि निष्ठुर तर नव्हेच नव्हे. त्याच्या मनात असे आहे की, मी टोचून आणले आणि काही झाले, तर ते माझ्या हातचे पाप. न टोचता गोवर आला, तर ते पोराचे प्रारब्ध. हाताने केले त्याचा दोष आपल्याला, आणि केलेच नाही त्याचा दोष कुणालाच नाही, असा हा हिशेब.

परंतु हा हिशेब शास्त्राला मान्य नाही. मीमांसक सांगतात की नित्यकर्म न केल्यास प्रत्यवाय लागतो. म्हणजे न करणे हेही एक करणेच आहे. अहो, शास्त्र राहू द्या, आपल्या मावळातलेच पाहा. तिन्हीसांजेला गोठ्याचे कवाड लावले नाही आणि रात्री बिबट्याने वासरू ओढून नेले, तर धनी काय "मी काहीच केलं नाही" म्हणून सुटेल? काहीच केले नाही हे खरे; तोच तर दोष!

आता दोन्ही पारडी डोळे उघडून तोलावीत. लस टोचल्यावर एखाद्या मुलाला ताप येतो, अंगावर थोडे पुरळ उठते, आणि ते दोनतीन दिवसांत उतरते. क्वचित, फारच क्वचित, अधिक त्रास होतो. म्हणून टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसवून ठेवतात. दुसऱ्या पारड्यात गोवर आहे. तो फुप्फुसात उतरतो, मेंदूला सूज आणतो, डोळे नेतो, प्राणही नेतो. दोन रात्रींच्या तापाला भिऊन बापाने हे पारडे उचलावे काय?

कुणी म्हणेल, पोर माझे, जोखीम माझी. तसे असते तर एकवेळ वाद घालता आला असता. पण गोवर एका उंबऱ्यात थांबत नाही. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला लागतो. रोगी उठून गेला तरी दोन तासांपर्यंत त्या खोलीच्या हवेत राहतो. आणि नऊ महिने भरण्यापूर्वी बाळाला ही लस एरवी देत नाहीत. त्याच रात्री मंडपात त्या गृहस्थाच्या शेजारची सून सात महिन्यांचे तान्हे मांडीवर घेऊन बसली होती. त्या तान्ह्याची जोखीम कुणी उचलायची?

२०२२ साली मुंबईत, विशेषतः गोवंडीकडे, तसेच भिवंडी व मालेगावातही गोवर उसळला आणि बालके दगावली. करोनाच्या काळात टोचणे खंडले होते, काही घरांनी नाकारलेही होते. नऊ महिन्यांखालची लेकरेही आजारी पडू लागली, तेव्हा साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही एक जादा मात्रा देण्याची वेळ आली.

जाणकार म्हणतात, शंभरांत पंचाण्णव जणांना लस मिळाली तर गोवराला वाट सापडत नाही, आणि उरलेले पाचही वाचतात. माऊली, हा तर गोपाळकालाच झाला! प्रत्येकाने आपली शिदोरी घालायची आणि सर्वांनी खायचे. तान्हे लेकरू, वैद्याने मना केलेला आजारी, यांच्याजवळ शिदोरीच नाही; काल्यावर पहिला हक्क त्यांचा. पण ज्याच्या पदरात शिदोरी आहे त्याने ती लपवून काल्याला हात पसरावा, हे बरे दिसत नाही. आणि असे लपवणारे वाढले की काला रिता होतो, उपाशी मात्र तान्हे राहते.

राहिले माझे ते वाक्य. देव राखतो यात मला आजही संशय नाही. परंतु वारकऱ्याने सुई कधी देवाच्या विरुद्ध मानली? पूर्वी पंढरीच्या वाटेवर पटकीने माणसे पडत. माझे वडील सांगत, वारीपूर्वी पटकीची लस टोचून घ्यावी लागे. दंड दोन दिवस ठणके, आणि त्याच हाताने टाळ वाजे. दिंडीतल्या दुसऱ्याला आपल्यापासून अपाय होऊ नये, हीसुद्धा भक्तीच. २०२० साली पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या आणि आपण लाखो जण घरी बसलो, ते याच भावाने. देवीचा रोग घ्या. घरोघर टोचून टोचून तो हटवला. १९७५ साली भारतात शेवटचा रोगी झाला, १९८० साली जगातून तो गेल्याचे जाहीर झाले. रोग गेला म्हणून आईचे देऊळ ओस पडले काय? आजही आपण ओटी भरतोच.

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात मी माझे वाक्य भर मंडपात परत घेतले. लाज वाटली, पण ते करणे प्राप्त होते. गादीवरून बोललेला विनोद कुणाच्या दारी जाऊन बसेल, हे मजसारख्या म्हाताऱ्या कीर्तनकारालाही उशिरा कळले. त्या गृहस्थाला एवढेच म्हणालो, "दादा, वेळ गेलेली नाही. पाच वर्षांपर्यंत राहिलेली मात्रा देतात, पैसा पडत नाही. थोरलीच्या तापाचं तिथल्या डॉक्टरांना सांग, काय शंका असेल ती विचार, आणि मग टोचून घे." तो काही बोलला नाही. मुलाच्या हातावर त्याने काल्याचा प्रसाद ठेवला आणि उरलेला शेजारच्या त्या सुनेला दिला.

रामकृष्णहरि.