घागर कुणाच्या मर्जीवर?



२० मार्च आला की आपल्या घराघरांत महाडची आठवण निघते. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ सालीच संमत केला होता. पण ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात होते. पुढे कज्जा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल आपल्या बाजूने लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

ही कथा आपणांस ठाऊक आहे. मग पाण्याचा विषय मी पुन्हा का काढतो? कारण गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला, आणि या वेळी समोर सवर्ण नव्हता. माझे सख्खे चुलते होते.

आमच्या वस्तीत ऐंशी घरे. एक हापसा, आणि ग्रामपंचायतीचे नळ, जे उन्हाळ्यात चार दिवसांआड येतात. हापशापासून दीडशे फुटांवर आप्पांचे सव्वादोन एकर रान आहे. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्यांनी तिथे बोअर घेतली. आपल्या माणसाच्या रानात पाणी लागले म्हणून त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. पेढे वाटण्यात काही चूक होती असे मला आजही वाटत नाही. ज्या कुळाने पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या मोटेवर राबून दिवस काढले, त्या कुळात एका माणसाचा पाट वाहू लागला, ही लहान गोष्ट नव्हे.

पण गेल्या मार्चमध्ये हापसा कोरडा पडला. आप्पांचा उन्हाळी कांदा मात्र हिरवागार होता.

आमच्याकडे काळा पाषाण आहे. पाणी तळ्यासारखे साठून राहत नाही, खडकाच्या भेगांमधून मुरत जाते. शेजारी खोल बोअर घेऊन मोटर चालवली की वरच्या भेगा रिकाम्या होतात आणि उथळ हापसा आधी मरतो. वरून पाहिले तर शेताचे पाणी वेगळे आणि घरचे पाणी वेगळे. जमिनीखाली तसा भेद नाही. खेड्यातली घागर आणि पीक एकाच भेगेतून पाणी पितात.

मी सातवीच्या वर्गात मुलांकडून एक हिशेब करून घेतला. तुम्हीही घरी मुलांना बसवून करा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर नुसते एक इंच पाणी उभे केले तर ते एक लाख लिटरच्या वर जाते. आता घराचे पाहा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर. भागाकार केला तर उत्तर येते ३७० दिवसांच्या आसपास. म्हणजे एका एकराला एकदा इंचभर पाणी दिले की एका घराचे वर्षाचे पाणी संपले. कांद्याला तर अशा कितीतरी पाळ्या लागतात. मुले गप्प बसली. त्यांत आप्पांचा नातूही होता.

तेव्हा घागरीसाठी शेती बुडवावी लागते असे कुणी म्हणाले तर ते खरे नाही. घागरीला लागणारे पाणी फार थोडे आहे. प्रश्न पाण्याच्या तुटवड्यापेक्षा अधिक क्रमाचा आहे. आधी कोण, आणि किती?

हे शब्द ऐकल्यासारखे वाटतात ना? १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या धम्मग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी व प्रेत पाहणे हे नाही. कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या नदीवर शेती भिजवीत, आणि आधी कोणी घ्यायचे व किती घ्यायचे यावरून दर हंगामात भांडत. हा प्रसंग आपण वर्षावासात ऐकतो आणि युद्ध नको एवढाच बोध घेऊन उठतो. पण दोन गोष्टी आपल्या नजरेतून सुटतात. ज्या मारामारीत रक्त सांडले ती दोन्हीकडच्या चाकरांत झाली. शेत धन्याचे, पाणी धन्याचे आणि डोके फुटले ते राबणाऱ्याचे! दुसरी गोष्ट, सिद्धार्थाने संघापुढे नुसती शांती मागितली नाही, रीत सुचवली. आपण दोघे निवडू, कोलीयांनी दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. बहुमताने ती सूचना फेटाळली गेली.

आता आमच्या वस्तीकडे परत येऊ. घरात मीच पहिला बी.ए., बी.एड. झालेला, म्हणून बायाबापड्यांनी मला पुढे केले. मी आप्पांकडे गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, तू माझ्याच ताटात जेवून शिकलास. बँकेचा हप्ता काय तुझ्या पगारातून जाणार आहे?" मला उत्तर सुचले नाही. कॉलेजची दोन वर्षे मी खरोखरच त्यांच्या घरी जेवलो होतो. १९९३ साली महाराष्ट्रात कायदा झाला होता, की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेऊ नये. पुढे २००९ च्या भूजल कायद्याने त्याची जागा घेतली. पण सख्ख्या चुलत्याविरुद्ध अर्ज कोण लिहिणार? लिहिणारा हात माझाच होता, आणि तो उचलला नाही, हे मी तुमच्यापुढे कबूल करतो.

आप्पा मनाने वाईट नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळी तासभर पाइप वस्तीकडे सोडला. सर्वांनी त्यांना दुवा दिला. मीही म्हणालो, झाले, करुणेचा मार्ग निघाला.

पंधरा दिवस ठीक गेले. मग काकूंचे एका बाईशी काही शब्दाला शब्द लागले. दुसऱ्या दिवशी ती बाई घागर घेऊन आली तेव्हा मोटर बंद होती. वीज गेली होती म्हणे. वीज कुठेच गेली नव्हती. ती बाई घागर पायाशी ठेवून अर्धा तास उभी होती, बोलली काहीच नाही.

माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती. लहानपणी ती गावच्या आडावर अशीच उभी राहत असे. दोराला हात लावायचा नाही, कोणी वरून घागरीत ओतील तेव्हा घ्यायचे. त्या बाईकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "आडावर मी अशीच उभी राहायची."

तेव्हापासून मी विचार करतो आहे. दान मोठे आहे, धम्मात त्याला मान आहे. पण जे ज्याचे आहे ते त्याला दान म्हणून देता येते काय? पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो, न दिलेले घेणार नाही. आपण त्याचा अर्थ दुसऱ्याच्या खिशाला हात न लावणे एवढाच करतो. भेगेतले पाणी आप्पांना कोणी दिले? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने म्हटले, ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी. आपल्यासारख्या, ज्यांना जमीनच मिळू दिली गेली नाही त्यांना, या न्यायाने पाण्यावरही हक्क नाही! जन्माने ठरणारी विहीर आपण नाकारली. मग सातबाऱ्याने ठरणारी विहीर डोळे मिटून कशी मान्य करायची?

याला दुसरी वाट आहे आणि ती याच महाराष्ट्रात चालून पाहिलेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला पाणी पंचायतीचे काम उभे केले. त्यांचा नियम असा, की पाण्याचा वाटा जमिनीवर ठरवायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरवायचा. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा आहे. वाटपाला पाटकरी नेमलेला, म्हणजे कुणा एकाची मर्जी नाही.

भूमिहीन पाण्याचे काय करणार, असे लोक हसून विचारतात. मी विचारतो, जमीन असलेला पाण्याशिवाय काय करणार? ज्याच्याकडे पाणी आहे तो रानवाल्याशी वाट्याने शेती करू शकतो. नुसत्या मजुरीच्या बोलीने उभा राहणार नाही. अर्थात नुसता नियम लिहून हे घडत नाही, रानवाल्याचे मनही वळावे लागते, आणि ते अवघड काम आहे.

घरचे पाणी आणि शेतीचे पाणी एकाच हिशेबात मांडण्याचे उदाहरण पाहायचे तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. तिथे पडलेला पाऊस मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचे पिण्याचे, मग गुरांचे, आणि उरेल त्यावर पिके ठरतात. शेतीसाठी बोअर घेण्यास गावाने बंदी केली आहे. पाऊस कमी, तर पीकही कमी पाण्याचे. तिथे घागर घेऊन आलेल्या बाईला कुणाच्या घरातले भांडण विचारत घ्यावे लागत नाही.

आता काही कुटुंबे म्हणतील, गुरुजी, सारे गाव सोडून आमच्याच माणसाला नियम का? गावातले बागायतदार पाच-पाच बोअर चालवतात, त्यांना विचारा. बरोबर आहे. त्यांनाही विचारलेच पाहिजे, आणि ग्रामसभेत मी ते विचारणार आहे. पण अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना विहिरीसाठी बाबासाहेबांच्या नावाने सरकारची योजना आहे. तिच्यातून आपल्यात विहीरवाले वाढतील आणि वाढावेत. ती विहीर आपण कोणत्या रीतीने वापरतो याचे उत्तर बागायतदाराकडे नाही, आपल्याच ओट्यावर आहे.

गेल्या पौर्णिमेला विहारात बैठक झाली. मी सिद्धार्थाचीच सूचना मांडली. पाणी भरणाऱ्या दोन बाया, दोन रानवाले, आणि चौघांनी निवडलेला पाचवा. हापशाशेजारी सिमेंटची टाकी बांधायची, बोअरने आधी ती भरायची, मग रान. विजेच्या बिलात घरटी वर्गणी, म्हणजे आप्पांवर उपकार नाहीत आणि आप्पांचेही उपकार नाहीत. टाकीच्या नळाची चावी बायांकडे. हे सर्व आप्पांना मान्य आहे. अडले आहे ते दुसऱ्या एकरावर. पाऊस कमी झाला तर दुसऱ्या एकरात कांदा लावायचा नाही, यावर ते गप्प राहिले. मुलीचे लग्न काढायचे आहे, कर्ज आहे, तेही खोटे नाही. त्या एकराची भरपाई वस्तीने करायची का, आणि कशी, यावर दोन बायांत व दोन रानवाल्यांत अजून बोलणे चालू आहे. पाचवा माणूस मी असावा असे एकाने सुचवले. मी नको म्हटले, कारण त्या ताटातले जेवण माझ्या अंगात आहे. शेवटी ज्या बाईसमोर मोटर बंद झाली होती, तिच्या सासूचे नाव पुढे आले, आणि आप्पांनी ते मान्य केले.

कांद्याची रोपे टाकण्याआधी पाचांची बैठक आहे.

जय भीम.