सांडलवंड

पाच वर्षांच्या लेकराला कोडिंग शिकवावं का, हा प्रश्न अहमदपुरातही आता हसण्यावारी नेता येत नाही. बालवाडीच्या प्रवेशाचं बोलणं निघालं की पालक ‘रोबोटिक्स आहे का?’ असं विचारतात. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात पोरगं चालायला लागलं की घरात नीटची चर्चा सुरू होते. (थोडी अतिशयोक्ती आहे. थोडीच.)

मला मात्र त्याच्या अलीकडचा एक प्रश्न छळतो. मुलांनी हातानं करून शिकायचं तर काहीतरी सांडणार, फुटणार, वाया जाणार. ती नासाडी कुणाला परवडते?

मी इथल्या एका बालवाडीत आठवड्यातून एकदा मुलांसोबत असले उद्योग करतो. एकदा उंच बाटली आणि बसका वाडगा घेतला होता. पाणी तेवढंच, मग बाटलीत जास्त का दिसतं? ओततानाच एका मुलीच्या हातून पाणी सांडलं. ओघळ वळत वळत दाराकडं निघाला. सपाट दिसणारी फरशी सपाट नाही, हे तो सांगत होता. गवंड्यालाही ते ठाऊक नसेल. पण त्या मुलीनं पाण्याकडं पाहिलंच नाही. तिनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं. “सर, म्या नाही सांडलं.” आणि फ्रॉकनं फरशी पुसायला लागली.

तिचं चुकलं असं कसं म्हणू? 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन. ही मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. पण टँकरपुढं घागरींची रांग लावलेल्या घरांमध्ये पाणी सांडणं साधी चूक राहत नाही, गुन्हा होतो. तो धाक पुढच्या पिढीत उतरतो. अशा घराला ‘लेकरांना पाण्याशी खेळू द्या’ हे सांगायचा अधिकार मला कुठून आला?

इथं टॅब्लेटचा मोह समजतो. 2014 मध्ये आलेलं स्क्रॅचज्युनिअर पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच आहे. रंगीत ठोकळे जोडायचे, मांजर चालतं. चुकलं तर ठोकळा काढायचा, काही सांडत नाही. सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा बनवली. चुकलेलं शोधून दुरुस्त करावं, त्याची शरम बाळगू नये, हा पेपर्ट यांचा आग्रह होता. त्या मुलीला याचीच गरज आहे, हे मान्य. पण पडद्यावरची चूक फुकट असते, म्हणून माफ होते. शिवाय ते मांजर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या नियमांनी चालतं. ओघळाला तसं कुणी काही लिहून दिलेलं नव्हतं.

ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथं महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया वापरल्या गेल्या. हे मी एका पालकांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आमच्या लेकरांना चिंचोके, अन् पुण्याच्या पोरांना रोबोट?” हा टोला खरा आहे. गरिबीला शिक्षणाचं तत्त्वज्ञान बनवणं सोपं असतं, विशेषतः बोलणाऱ्याला. रोबोट इथंही यावा. पण तो अडखळला की मूल त्याच्या चाकाकडं बघणार की बाईंच्या चेहऱ्याकडं, हे तो येण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

सध्या एक परात आणि पाच लिटर पाणी यात वीस मुलांचं भागतं. खेळ झाला की ते पाणी अंगणातल्या कडुलिंबाला. ओतायचा सराव आधी ज्वारीवर करून पाहिला, तर एका आजींनी धान्य पायाखाली येतं म्हणून चांगलंच सुनावलं. मग वाळू आणली.

सांडलं की मी गप्प बसतो. दोघं-तिघं ओघळामागं रांगत जातात. बाकीचे अजून माझ्याकडं बघतात.