इथं कुणीच नाही

उमामहेश्वराच्या देवळाजवळ, हेदवीच्या काळ्या कातळावर उभं राहून माझा भाचा म्हणाला, "मामा, काय जागा आहे! इथं कुणीच नाही." आमच्यापासून पन्नास पावलांवर तीन बायका खडपावर उकिडव्या बसून कालवं काढत होत्या.

भाचा पुण्याचा. त्याला दिसतं ते त्याला ओळखीचं असलं तरच. हे मी त्याला बोललो नाही, पण वाक्य मनात सलत राहिलं.

कोकणातल्या पुळणी, माड, सूर्यास्त यांचं वर्णन मी करत बसत नाही. वाचकानं ते इतकं वाचलंय की न येताही तो इथला वारा सांगू शकेल. माझा मुद्दा दोन शब्दांचा आहे. निर्जन आणि एकांत. निर्जन जागा आपण पोचलो की संपते. तिथं निदान एक माणूस तरी झालेला असतो. एकांत मात्र आपण पोचल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि त्याला आसपास माणसं असलेली चालतात. दशभुजा गणपतीच्या देवळात रांगेतही तो मिळतो. भाच्याला हवं होतं निर्जन, आणि नाव तो एकांताचं घेत होता.

"म्हणूनच म्हणतो, फोटो टाकेन पण गावाचं नाव देणार नाही," तो म्हणाला. "नाव दिलं की इथलं गणपतीपुळे झालंच समज." वाद घालायला मला फारसं काही सुचलं नाही. खरं तर तो बोलत होता ते मलाही आतून पटलेलंच होतं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात जयगडच्या खाडीवर पूल येणार, हे वाचल्यावर माझ्याच पोटात गोळा आला होता. आता तवसाळहून फेरीबोटीची वाट बघावी लागते, तेवढी चाळणी राहू दे, असं वाटायचं.

मग मी विषय बदलून त्याला भरतीचा हिशेब शिकवला, तो मला आजोबांनी शिकवलेला. तिथीची पाऊणपट करायची. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे पूर्ण भरती दीडच्या सुमाराला, ओहोटी त्याच्या सहा तास मागेपुढे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घड्याळाइतकं काटेकोर नाही, पण कालवं काढायला पुरतं. आज पौषातली वद्य द्वितीया, पौर्णिमेचं उधाण अजून उतरलेलं नाही, म्हणून सकाळी साडेसातला पाणी एरवीपेक्षा खूप मागे गेलेलं आणि खडपं उघडी पडलेली. बायका उगाच इथं आलेल्या नव्हत्या. आणि शेजारची बामणघळ, जी भाच्याला आत्ता नुसती चीर वाटत होती, तिच्यात भर दुपारी लाट घुसली की अडकलेलं पाणी उंच कारंज्यासारखं उसळणार होतं. (कोणी बामण तीत पडला, अशी कथा सांगतात. कोकणात प्रत्येक घळीत कुणी ना कुणी पडलेलं असतंच.)

हिशेब सांगता सांगता आजोबा आठवले आणि माझीच बाजू डळमळली. आजोबा मुंबईला आगबोटीनं जायचे. बोट भर समुद्रात थांबायची, पडावातून माणसं चढायची-उतरायची. तेव्हा किनारा हे या भागाचं पुढचं दार होतं. मग बोटी बंद पडल्या. महामार्ग आतून गेला. 1998 मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आतूनच, चिपळूणवरून. पुढचं दार परसदार झालं. परसदारी शांत असतं, त्यात नवल काय? शिवाय घराघरातला एकेक माणूस मुंबईला निघून गेला. त्यातला एक माझा बाप. ज्या शांततेला मी कोकणचं धन समजत होतो, तिच्यात आमच्या निघून जाण्याचा वाटा होता, आणि वर्षातून दोनदा येऊन ती कुणाला दाखवू नका म्हणणारा मीच.

पूल आला की प्लास्टिकही येईल, मोकाट जीपगाड्याही पुळणीवर येतील. भाचा याबाबतीत बरोबर आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण चाळणी कुणाला गाळते, हे आता मला दिसू लागलं होतं. रात्री-अपरात्री आजारी माणूस घेऊन खाडीपलीकडे जायचं असेल, त्यालाही तीच चाळणी.

तेवढ्यात बायकांतली वयस्कर होती ती टोपली कमरेला लावून उठली आणि आमच्याकडे बघून ओरडली, "वर सरा, पानी भरतंय!" तिनं आम्हाला केव्हापासून हेरून ठेवलं होतं. भाचा दचकून मागं सरला. तो उभा होता तिथं पहिली लाट शिरलीही.

परतताना त्यानं फोटो टाकायला मोबाईल काढला. मी म्हटलं, "गावाचं नाव लिही. हेदवी. आणि खाली आजची तिथी, भरतीच्या वेळेसकट."

"तिथी कशाला?"

"दीडला येणाऱ्यानं घळीपासून लांब उभं राहावं म्हणून."