दात, व्रत आणि विटाळ

हिरडीचा आजार खोल गेला की दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजते, आणि झिजलेले हाड आपसूक भरून येत नाही. दाताच्या बाहेरच्या कवचाची गोष्ट याहून अवघड. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपतात, म्हणून एकदा फुटलेले कवच शरीर पुन्हा बांधत नाही. जिथे शरीर हात टेकते तिथे माणूस फार पूर्वीपासून निसर्गाकडून उसने घेत आला आहे. स्लोव्हेनियात सापडलेल्या सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या एका दाताच्या भेगेत मेण आढळले. होंडुरासमध्ये १९३१ साली मिळालेल्या माया काळातल्या जबड्यात दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे बसवलेले होते. आजचा दंतवैद्य हेच करतो, फक्त त्याची सामग्री अधिक शोधलेली आहे. गाईबैलांच्या हाडातले सारे प्रथिन काढून उरवलेली खनिज भुकटी, डुकराच्या ऊतींतल्या कोलॅजेनचे पातळ पडदे, डुकराच्या पिलांच्या घडत्या दातांतून काढलेले प्रथिन, कोळंबीच्या कवचापासूनचे कायटोसान ही त्याची एक बाजू. दुसऱ्या बाजूला रुग्णाचे स्वतःचे रक्त, त्याचाच काढलेला दात आणि बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेचे पातळ आवरण.

कऱ्हाडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे आणि सांगलीला भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. ज्या समाजासाठी ती आहेत त्यात अहिंसेचे व्रत ही पुस्तकातली गोष्ट नाही. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे मुख्य कार्यालय सांगलीत आहे आणि कृष्णा-वारणेच्या काठची कितीतरी शेतकरी कुटुंबे दिगंबर जैन आहेत. सातारा जिल्ह्यात फलटण हे महानुभावांचे मोठे ठिकाण, आणि त्याच फलटणवरून माउलींची पालखी पंढरीला जाते. गळ्यात माळ घातलेल्या माणसाने मांस सोडलेले असते. अशा माणसाच्या जबड्यात बैलाच्या हाडाची भुकटी भरावी का, हा प्रश्न म्हणूनच खरा आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण शुद्धतेच्या दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्या एकच समजून वापरतो, असे मला वाटते.

पहिली मोजपट्टी विटाळाची. ती पदार्थाकडे पाहते: कशाला शिवलो, तोंडात काय गेले. दुसरी अहिंसेची. ती कृतीकडे पाहते: कोणाला इजा झाली आणि त्यात माझा हात किती. जेवणाच्या ताटात या दोन्ही बहुतेक वेळा एकच उत्तर देतात, म्हणून त्यांतला फरक लक्षात येत नाही. दातांच्या खुर्चीवर मात्र त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात. फ्रान्समध्ये जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली मांडलेल्या पद्धतीत रुग्णाच्या दंडातून थोडे रक्त काढतात, त्यात काहीही न मिसळता ते यंत्रात फिरवतात आणि तयार झालेली फायब्रिनची पिवळसर गाठ जखमेत बसवतात. काढलेला दात स्वच्छ करून, दळून, त्याच माणसाच्या हाडात भरता येतो, कारण दाताचा आतला भाग आणि हाड यांची घडण जवळजवळ सारखीच असते: खनिज आणि कोलॅजेन. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. तिथे वारेचे आवरण आईच्या संमतीने घेऊन किरणांनी निर्जंतुक केले जाते. रक्त, पडलेला दात, वार. सोवळ्याच्या हिशेबात यांहून अधिक अमंगळ काय असेल? आणि अहिंसेच्या हिशेबात यांहून निर्दोष काय असेल? यांच्यासाठी कोणाचाही जीव जात नाही. उलट हाडाची ती पांढरीशुभ्र, गंधहीन, बंद कुपीतली भुकटी विटाळाच्या दृष्टीला अगदी शुद्ध दिसते, आणि तिच्यामागे एक जनावर कापलेले असते.

या दोन मोजपट्ट्या वेगळ्या करता येतात, हे साताऱ्याला कोणी शिकवायला नको. भाऊराव पाटील जैन घरात जन्मले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ती साताऱ्याला आणली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते ज्या छत्रपती शाहू बोर्डिंगचे नामकरण झाले, तिथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत होती. पंक्तीतला विटाळ त्यांनी मोडला, आणि तो मोडताना जीवदयेतला एक कणही सोडावा लागला नाही. विटाळ टाकून अहिंसा ठेवता येते, एवढेच नाही, तर विटाळ टाकल्यावरच अहिंसा स्पष्ट दिसते. म्हणून माझे म्हणणे असे, की व्रतस्थ माणसाने हाडाची भुकटी नाकारली तर ती ‘ते मांस आहे, मला शिवेल’ म्हणून नाकारू नये. ती मांस नाहीच. नाकारायची तर तिच्यामागच्या हिंसेसाठी नाकारावी, आणि त्याच विचाराने रक्त, दात, वार यांचा स्वीकार संकोच न करता करावा.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की जनावर मांसासाठी कापले गेले, हाड तर उरलेच होते, मग दंतरुग्णाचा दोष काय? जैन आचारविचाराने या पळवाटेचा विचार फार आधी केला आहे. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली, अशी तिन्ही प्रकारे मोजली जाते. उरलेल्या हाडाला किंमत मिळाली की ते निव्वळ ‘उरलेले’ राहत नाही, कत्तलीच्या हिशेबातली ती एक जमेची बाजू होते. हे मान्य करायला हवे, की हा वाटा लहान आहे, आणि हेतू बरे होण्याचा आहे, मारण्याचा नाही. गृहस्थासाठी संकल्पी हिंसा आणि व्यवहारात अटळपणे घडणारी हिंसा यांत शास्त्राने फरक केला आहे तो याचसाठी. पण तो फरक ‘अटळ’ या शब्दावर उभा आहे.

दुसरा आक्षेप इथूनच निघतो आणि तो अधिक वजनदार आहे. १९२२ पासून कित्येक दशके मधुमेही माणसे गाईडुकरांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिनवर जगली, त्यांत कडक शाकाहारीही होते. त्यांना कोणी व्रतभ्रष्ट म्हटले नाही, म्हणूही नये. आपद्धर्म तो हाच. पण १९८२ पासून जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार होऊ लागल्यावर ती आपत्तीच उरली नाही. दातांच्या बाबतीत ती मुळातच तेवढी तीव्र नाही. दाढेजवळचे हाड भरले नाही म्हणून सहसा कोणी मरत नाही. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन, म्हणजे दात न घासणे, हाही एक आहे. गृहस्थाने त्याचे अनुकरण करावे असे मी अजिबात म्हणत नाही. पण देहाचा एखादा अवयव जपण्यासाठी काहीही क्षम्य ठरते, असे ही परंपरा मानत नाही, हे त्यातून दिसते. शिवाय पर्याय आहेत. स्वतःच्या शरीरातले तर आहेतच, पण प्रयोगशाळेत बनवलेले कॅल्शियम फॉस्फेट आहे, लॅरी हेंच यांनी १९६९ साली शोधलेली हाडाशी सांधणारी काच आहे. जिथे दुसरी वाट आहे तिथे ‘नाइलाज’ म्हणता येत नाही.

त्या वाटेची किंमत मात्र लपवू नये. रक्ताची गाठ काही आठवड्यांत विरघळते. बैलाच्या हाडातले खनिज वर्षानुवर्षे टिकते, म्हणून पुढे कृत्रिम दात रोवण्यासाठी जागा राखायची असेल तर त्याच्या बाजूने पुरावा मोठा आहे. व्रत पाळणाऱ्याला कधी थोडे कमी हाड मिळेल, कधी एक शस्त्रक्रिया जास्त सोसावी लागेल. व्रत म्हटले की हे आलेच. आणि एखाद्याने सर्व ऐकून घेऊन हाडाची भुकटीच निवडली, तर त्याला बोल लावण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रिय आहे, कारण तो मिरजेतून येतो. ज्या पखवाजावर भजन रंगते त्याला कातडे असते. पूजेचे सोवळे रेशमाचे, आणि रेशमासाठी कोष उकळतात. मिरजेच्या सतारीची घोडी हाडाची किंवा शिंगाची असायची. एवढे चालत आले, मग दातापाशीच का अडायचे? याचे प्रामाणिक उत्तर असे, की रूढी म्हणजे समर्थन नव्हे. रेशीम सोवळ्यात बसले ते विटाळाच्या मोजपट्टीने. अहिंसेची पट्टी लावली असती तर सुती धोतरच वरचढ ठरले असते. जुन्या सवयीत प्रश्न विचारायचा राहून गेला, म्हणून नव्या ठिकाणीही तो विचारू नये, हे तर्काला धरून नाही. नवे द्रव्य घरात येते त्या क्षणीच तो विचारणे सर्वांत सोपे असते.

विचारण्यासाठी आधी माहीत असावे लागते. कुपीवरची इंग्रजी अक्षरे बारीक असतात, रुग्ण तोंड उघडून पडलेला असतो आणि ‘नैसर्गिक आहे, काळजी नको’ एवढ्यावर बोलणे संपते. मशेरीसुद्धा नैसर्गिकच, आणि इथल्या किती हिरड्या तिने खाल्ल्या! द्रव्य कोठून आले हा संमतीचाच भाग आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली उपचाराचे स्वरूप आणि पर्याय रुग्णाला सांगणे आवश्यक ठरवले. ज्याचे आयुष्य एका व्रताभोवती उभे आहे त्याच्यासाठी द्रव्याचे मूळ हे त्या स्वरूपातच येते. मिरजेतल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आसपास राहणाऱ्या मुसलमान रुग्णाला कोलॅजेनचा पडदा डुकराचा आहे की बैलाचा, हे कळायला हवे. जैन रुग्णाला दोन्ही सारखेच अडचणीचे असतील. माळकऱ्याला कदाचित स्वतःचे रक्त चालते हे ऐकून हायसे वाटेल. केसपेपरवर ॲलर्जी आणि मधुमेह यांच्या खाली या प्रश्नासाठी एक ओळ छापायला कागद जास्त लागत नाही, आणि विचारताना डॉक्टरांचे अर्धे मिनिट जाते.