हौशीचे हाल

पदरचे पैसे खर्चून स्वतःचे हाल करून घेण्याची युक्ती मनुष्यप्राण्याखेरीज दुसऱ्या कुणाला साधल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गाय कधी गोठा सोडून हौसेनं पावसात भिजायला जात नाही. चिमणी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसऱ्या चिमणीच्या मोडक्या घरट्यात चार दिवस राहून येत नाही. माणूस मात्र वर्षभर राबतो, पंखा, गादी आणि नळ असलेल्या घराला व्यवस्थित कुलूप लावतो, ते दोनदा ओढून बघतो, आणि यांतलं काहीच नसलेल्या जागेत राहायला जातो. त्यासाठी काही महिने आधी आरक्षणही करतो.

हा विचार मला सुचला तो कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत, कापडी तंबूतल्या लोखंडी खाटेवर, रात्री दोन वाजता. चिरंजीव तिकडे नोकरीला. आम्ही उभयता नातवाला बघायला गेलो होतो, तेव्हा त्यानं आम्हांला ‘निसर्गात’ नेलं. दरी म्हणाल तर बघणाऱ्यानं बोलूच नये अशी. सुमारे चार हजार फूट उंचीवरचा सपाट तळ, मधून वाहणारी मर्सेड नदी, एका अंगाला एल कॅपिटान नावाचा तीन हजार फुटांचा सरळसोट कडा, आणि दूरवर, कुणीतरी लाडू सुरीनं अर्धा कापून उरलेला ताटात ठेवावा तसा हाफ डोम.

तंबूत फळ्यांची जमीन, लाकडी सांगाडा, त्यावर कापड, आत तीन खाटा आणि एक दिवा. नळ बाहेर. संडास समाईक, तिथवर बॅटरी घेऊन जायचं. दाराशी एक भक्कम लोखंडी पेटी. ती अस्वलांसाठी, म्हणजे अस्वलांना मिळू नये म्हणून. खाण्याचा प्रत्येक जिन्नस तीत ठेवायचा, असा कडक नियम आहे. सौभाग्यवतींनी बरोबर आणलेलं मेतकूट, लोणचं आणि चकल्या तीत गेल्या. मागोमाग साबण गेला, टूथपेस्ट गेली, खोबरेल तेलही गेलं.

“अहो, अस्वल दात घासतं का?” सौ.नी हळूच विचारलं.

“त्याला वास आला की झालं, आई,” चिरंजीव म्हणाले. मग हात पसरून एक दीर्घ श्वास घेऊन, “बाबा, किती साधं आयुष्य आहे ना हे!”

आता, मी गिरगावातल्या चाळीत चोवीस वर्षं काढलेला माणूस. दहा बाय बाराची खोली, सात माणसं, संडास गॅलरीच्या टोकाला आणि पहाटेची रांग. अस्वल नव्हतं, पण घरमालक होता. त्या आयुष्याला ‘साधं’ म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याला ‘जागेची अडचण’ म्हणत. समाईक संडासातून सुटका व्हावी म्हणून मी पंचवीस वर्षं हप्ते भरले. माझ्या मुलानं पुन्हा समाईक संडास मिळावा म्हणून डॉलर भरले. मधल्या काळाला प्रगती म्हणतात.

थट्टा सोडा, पण प्रश्न खरा आहे. तीच थंडी, तीच खाट, तीच रांग. मग एकाची हौस आणि दुसऱ्याचे हाल, हे ठरवतं कोण?

आपल्याकडे याचं उत्तर पंचवटीत आहे. एकाच पर्णकुटीत तिघं राहत होती. कंदमुळं तीच, दर्भही तेच. पण राम आज्ञेनं आला होता. सीता आणि लक्ष्मण आपल्या मर्जीनं आले होते. लक्ष्मणाला कधीही अयोध्येला परत जाता आलं असतं. तो गेला नाही, म्हणून तर त्याचं कौतुक. तेव्हा फरक झोपडीत नसतो, परतीच्या वाटेत असतो. खिशात परतीचं तिकीट असलं की गैरसोय गोड लागते. आमच्या तंबूत माझ्या उशाखाली गाडीची किल्ली होती.

योसेमिटीत ही गोडी स्वस्तात देण्याची सोय करी नावाच्या मास्तर जोडप्यानं काढली. १८९९ साली डेव्हिड आणि जेनी करी यांनी सात तंबू ठोकले आणि दिवसाला दोन डॉलरांत राहण्या-जेवणाची व्यवस्था केली. हॉटेल न परवडणाऱ्या माणसालाही दरी बघता यावी, ही गोष्ट कुठल्याही मास्तराला शोभेशीच. आमच्यासारखे मध्यमवर्गीय तिथं पोचतात, ते अशाच माणसांच्या पुण्याईनं.

पण दुसऱ्या दिवशी तिथल्या संग्रहालयामागं आम्ही आणखी काही झोपड्या पाहिल्या. सीडरच्या सालीच्या, निमुळत्या, सुबक. आरक्षण मिळत नाही, बघायच्या फक्त. या दरीचे मूळ रहिवासी आवानीची लोक अशा घरांत राहत. ओकची फळं कुटून, पाण्यानं त्यांचा कडूपणा घालवून त्याची लापशी खात. १८५१ साली मारिपोसा बटालियन दरीत शिरली, तिनं घरं जाळली, फळांचे साठे जाळले आणि लोकांना हुसकलं. तरी काही परत आले. विसाव्या शतकात उद्यानवाल्यांनी त्यांना छोटी लाकडी घरं बांधून दिली. मग १९५३ साली नियम केला, की उद्यानात नोकरी असेल त्यानंच राहायचं. माणसं कमी होत गेली. १९६९ साली उरलीसुरली वस्ती आग विझवण्याच्या सरावासाठी जाळून टाकली.

नोकरी संपली की क्वार्टर सोडायचं, हा नियम आपल्या सरकारी नोकराला पाठ असतो. पण त्या क्वार्टरमागं आपल्या पणजोबांचं गाव नसतं.

म्हणजे हौस आणि हाल यांच्या पलीकडं तिसरी एक गोष्ट निघाली. आम्हांला तिथं कौतुकानं झोपडीत राहायला मिळतं. ज्यांची ती झोपडी, त्यांना मात्र राहायला मिळालं नाही. आमची अडचण नाइलाजाची होती, पण ती आमची होती. त्या लोकांना ती अडचणसुद्धा ठेवू दिली नाही.

मग जाऊच नये का? चिरंजीवांनी हे मला जरा चिडूनच विचारलं. जावं. जरूर जावं. न जाण्यानं कुणाचं घर परत उभं राहत नाही, आणि वर्षाला चार रात्री छपराची किंमत कळणं हे काही वाईट शिक्षण नव्हे. फक्त त्याला साधेपणा म्हणू नये. ती चैन आहे. पुरणपोळी खावी, तूप वाढून घ्यावं. पण खाताना ‘आज आमचा उपास’ असं म्हणू नये, एवढंच.

हे नातवाला सांगताना जड गेलं असतं, म्हणून त्याला सालीच्या झोपडीशी नेऊन मी एवढंच म्हणालो, “हे इथलं पहिलं घर.”

त्यानं आत वाकून पाहिलं आणि विचारलं, “मग आजोबा, ते लोक कुठं गेलेत? कधी येणार?”

मुलांची अडचण हीच. ती घर रिकामं दिसलं की घरमालकाची चौकशी करतात.